व्हिनियरच्या जुन्या कपाटाला रंग द्यायचाय: पॉलिश उतरवायचं की वरूनच मारायचं?

उंबरठा

दोन वस्तू आहेत. एक कपाट: सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल, दोन दारांचं. दुसरा साइडबोर्ड: साडेचार फूट लांब, अडीच फूट उंच, दीड फूट खोल. दोन्हींना १९ मिमी प्लायवर सागाचं व्हिनियर, कडांना सागवानी पट्टी आणि वर गडद तपकिरी चकचकीत पॉलिश. सांगाडा ठणठणीत, बिजागऱ्याही चांगल्या. फक्त फरशी पुसताना पाणी लागून लागून दारांच्या खालच्या अंगाला फुगे आलेत आणि एका कोपऱ्याचा टवका उडालाय. घर पुण्यात.

ऑफ-व्हाइट हवाय, फार चकाकी नको. रंगारी म्हणतो ऑइल पेंटचे दोन हात मारू. पॉलिशवाला म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन) करा. सुतार म्हणतो सनमायका चिकटवून मोकळे व्हा. दोन वर्षांत नखाने पापुद्रा निघेल असं काम नकोय. आधीचं पॉलिश पूर्ण काढावं लागेल का? अस्तर कुठलं? आणि स्वतः करण्यासारखं काय आहे यात?

रंधा

रंग निवडायच्या आधी खाली काय आहे ते बघा. व्हिनियरवरचा रंग सोलून निघतो तेव्हा बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. अस्तराने जुन्या पॉलिशला धरलेलंच नसतं.

दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, कापसाच्या बोळ्याने तपासणी करा. क्रम बदलू नका.

आधी स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला, बोट टेकल्यावर ठसा उठला, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर शेजारच्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा. बोळ्याला तपकिरी रंग येऊन पॉलिश विरघळायला लागलं तर एनसी लॅकर. विरघळण्याऐवजी सुरकुतून पापुद्रा उठला तर ऑइल वार्निश. आणि दोन्ही बोळ्यांनी ढिम्म फरक पडला नाही तर मेलामाइन (कडक रेझिनचं पॉलिश) किंवा पीयू. स्पिरिट आधी का, तर एनसी थिनर चपड्यालाही विरघळवतं. तोच आधी लावला तर दोघांतला फरक कळत नाही.

मेलामाइन असेल आणि कुठे पोपडे सुटलेले नसतील तर ते उतरवू नका. घट्ट बसलेलं मेलामाइन हा उत्तम पाया असतो. त्याची चकाकी मारली की झालं. एनसी असेल तर वरून टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) पीयू मारण्यात धोका आहे: पीयूच्या थिनरने खालचं एनसी मऊ पडतं आणि वरचा थर सुरकुततो, कधी लगेच, कधी दुसऱ्या हाताला. तिथे एनसी उतरवणं बरं. फ्रेंच पॉलिश उतरवायला तर स्पिरिट आणि स्टील वूल पुरतं, पॉलिश पेपरची गरज नाही. स्टील वूलचे तंतू मात्र नीट झटकून काढा, राहिले तर पुढे गंजाचे ठिपके उठतात.

उंबरठा

केलं. दोन्ही बोळ्यांना काही झालं नाही, म्हणजे मेलामाइन धरून चालतो. आता पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा? ऑर्बिटल सँडर भाड्याने मिळतोय, १२० चा पेपर लावून एका दिवसात उरकेल असं दुकानदार म्हणतोय.

रंधा

दुकानदाराला नमस्कार सांगा आणि सँडर तिथेच ठेवा. डेकोरेटिव्ह प्लायवरचं व्हिनियर साधारण अर्धा मिलिमीटर असतं, बऱ्याचदा त्याहूनही कमी. १२० चा पेपर लावलेला सँडर कडेला दोन-चार सेकंद रेंगाळला तर साग संपून खालचं आडव्या रेषांचं लाकूड दिसायला लागतं. कडेला तो आपोआप कलतो, म्हणून पहिला घात तिथेच होतो.

हाताने घासा. रबरी किंवा कॉर्कच्या ठोकळ्याला २२० चा पेपर, रेषेच्या दिशेने, मग ३२०. कडांना ठोकळा नको, नुसत्या बोटांनी ३२०, दोन-तीन फेऱ्या. चकाकी सगळीकडून गेली पाहिजे, लाकूड कुठेही उघडं पडता कामा नये. बॅटरी आडवी धरून बघा. जिथे उजेड चमकतो तिथे पेपर लागलेला नाही आणि रंग नेमका तिथूनच सुटतो. कोरीव पट्टीच्या खाचा, हँडलच्या भोवती, बिजागरीच्या वाट्यांच्या कडा या नेहमी सुटणाऱ्या जागा.

घासण्याच्या आधी धुऊन घ्या, नंतर नाही. तेलकट हात, मेण, फर्निचरवर मारायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन हे सगळं पेपर आत रगडतो. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घेऊन घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा, आणि वाळल्यावर मिनरल टर्पेंटाइनने. टर्पेंटाइनला दर दोन-तीन चौरस फुटांना फडकं बदला. त्याच फडक्याने पुढे गेलात तर मेण या दारावरून त्या दारावर जातं, बाकी काही होत नाही. सिलिकॉन राहिलं तर पहिल्याच हातात रंग गोल गोल मागे सरतो आणि मोहरीएवढे खड्डे पडतात. त्यावर कितीही हात मारा, भरत नाहीत. वाळू द्या, घासून काढा, पुन्हा पुसा. दुसरा उपाय नाही.

चपडालाख

रंधा यांच्याशी सहमत. भर घालतो ती फुग्यांबद्दल, कारण त्यांना कोणी हात लावत नाही आणि सगळ्या कामाची वाट तिथेच लागते. फुग्यावर रंग मारला तर आतली हवा पहिल्या उन्हाळ्यात वर येते.

आधी नाण्याने टकटक करत खालची फूटभर जागा तपासा. भरीव आवाज येतो तिथे व्हिनियर बसलेलं आहे, पोकळ येतो तिथे सुटलेलं. पोकळ जागेच्या हद्दी पेन्सिलीने आखा. डोळ्याला दिसतो त्यापेक्षा फुगा नेहमी मोठा निघतो. मग नव्या ब्लेडने, रेषेच्या दिशेने, फुग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच चीर. आडवी चीर दिलीत तर ती रंगाखालून कायम दिसेल.

औषधाच्या दुकानातून ५ मिलिची सिरिंज आणि जाड सुई आणा. १८ नंबर चालेल, त्याहून बारीक सुईतून डिंक जात नाही. फेविकॉलमध्ये दहाव्या हिश्शाएवढं पाणी. चिरेच्या दोन्ही बाजूंना आत सोडा, बोटाने दाबून पसरवा आणि जास्तीचा चिरेतून बाहेर येऊ द्या. बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसा, कारण वाळलेल्या फेविकॉलवर अस्तर नीट धरत नाही. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळीचा तुकडा, दोन क्लॅम्प, २४ तास. प्लास्टिक विसरलात तर फळीच दाराला चिकटेल.

इस्त्री फिरवून फुगा बसवण्याची युक्ती सगळे सांगतात. व्हिनियर फेविकॉलसारख्या डिंकाने जागेवर चिकटवलेलं असेल तर ती चालते: ओलसर फडकं, मध्यम आच, दहा-पंधरा सेकंद, आणि उचलल्या उचलल्या थंड होईपर्यंत वजन. कारखान्यातून दाबून आलेल्या डेकोरेटिव्ह प्लायचं रेझिन उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही. तिथे इस्त्रीने फक्त पॉलिश भाजतं.

आणि एक बघा: फुगा व्हिनियरचा आहे की प्लायचे थरच सुटलेत? दाराची खालची धार खिळ्याच्या टोकाने टोचा. टोक सहज आत गेलं, थर पानांसारखे उलगडत असतील, तर तेवढी पट्टी कापून नवी बसवण्यावाचून इलाज नाही.

दुपारचा_चहा

टवक्यासाठी वॉल पुट्टी चालेल का? घरी अर्धी पिशवी पडलीय.

चपडालाख

नाही चालणार. ती पुट्टी पांढऱ्या सिमेंटची. मेलामाइनवर तिला पकड मिळत नाही, दार आपटलं की खपली निघते. शिवाय सिमेंट अल्कधर्मी असल्याने वर ऑइल पेंट मारला तर त्यातल्या तेलाचा हळूहळू साबण होतो आणि रंग मऊ पडून सुटतो. ती अर्धी पिशवी भिंतीलाच लावा.

टवक्यासाठी हार्डनरवाली पॉलिएस्टर पुट्टी, गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडे असते ती. १०० ग्रॅम पुट्टीला सुमारे २ ग्रॅम हार्डनर. काचेवर किंवा टाइलवर पत्र्याने कालवायची, रंग एकसारखा होईपर्यंत. काम करायला पाचेक मिनिटं मिळतात, म्हणून सुपारीएवढीच घ्या. कोपरा बांधताना दाराच्या धारेला सेलोटेप लावलेली पट्टी टेकवा, म्हणजे धार सरळ मिळते. किंचित जास्त भरा, अर्ध्या तासाने १८०, मग २२०.

सागाच्या उघड्या रेषांसाठी हीच पुट्टी वापरू नका, ती जाड पडते. रेषा भरायला एनसी पुट्टी किंवा रंगाऱ्याची लांबी (रंगाखाली भरायचा लेप), पत्र्याने रेषेला तिरकी ओढून. तीही अस्तराचा पहिला हात झाल्यावर, कारण पांढरं अस्तर बसल्याशिवाय कुठे किती खोल आहे ते दिसतच नाही. गुळगुळीत ड्यूकोसारखं, म्हणजे गाडीच्या रंगासारखं, रूप हवं असेल तर दोनदा भरावी लागते. रेषा दिसल्या तर चालतील असं असेल तर हे सगळं सोडा, दोन दिवस वाचतात.

नागपुरी_ऊन

२ टक्के हार्डनर पुण्यात ठीक. मे महिन्यात नागपुरात तेवढा टाकला तर पुट्टी पत्र्यावरच दगड होते. १ टक्क्यावर आणा. रंगाचंही तेच. ४५ अंशात गनमधून निघालेला थेंब दारावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो, पसरत नाही आणि हाताला रवा लागतो. स्लो थिनर घ्यायचा नाहीतर सकाळी सहा ते नऊ काम. दुपारी रंगाचा डबा उघडूच नये.

उंबरठा

आता अस्तर. मेलामाइन गडद तपकिरी, वर ऑफ-व्हाइट. खालचा रंग वर येईल का?

चपडालाख

येतो. सागातल्या तेलकट अर्कामुळे पिवळसर आणि मेलामाइनखालच्या स्टेनमुळे (लाकडाला आधी दिलेल्या रंगामुळे) गुलाबी-तपकिरी. पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र दिसतं, आठवड्याने गाठी आणि रेषांच्या जागी ढग उमटतात. वर रंगाचे चार हात मारले तरी ते झिरपत राहतात. वाट अडवायची तर मध्ये बंद थर हवा.

चपडा उत्तम. १२० ग्रॅम चपडा लिटरभर स्पिरिटमध्ये रात्रभर, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात तो काळा पडतो. चपड्यात मेण असतं. बरणी हलवू नका, दोन-तीन दिवसांत मेणाचा गढूळ थर खाली बसतो, वरचं निथळ तेवढं ओतून घ्या. मलमलच्या बोळ्याने दोन पातळ हात, मध्ये तासभर.

रंधा

इथे थोडा मतभेद. चपडा सागाच्या तेलावर चांगलाच, पण मेलामाइनच्या कामात स्टेन बऱ्याचदा स्पिरिटमध्ये विरघळणारा असतो. घासताना कुठे लाकूड उघडं पडलं असेल तर चपड्याचं स्पिरिट तोच रंग उचलून वर आणतं. ज्याला अडवायचं त्यालाच आमंत्रण. शिवाय मेण पूर्ण निथळलं नसेल तर त्यावर टू-पॅक पीयू धरत नाही. ऑइल पेंटला तितकं वावडं नाही.

वर पीयूच मारायचा असेल तर टू-पॅक पीयू सीलरचा एक हात हा जास्त भरवशाचा अडसर आहे. वर ऑइल पेंट असेल तर निथळ चपडा पुरे.

वाद घालत बसण्यापेक्षा तुकडा करून बघा. दाराच्या आतल्या बाजूला वीतभर चौकोन, अर्ध्यावर चपडा, अर्ध्यावर सीलर, वर पांढऱ्या अस्तराचा एक हात, दोन दिवस थांबा.

चपडालाख

स्पिरिटच्या स्टेनचा मुद्दा मान्य. पण लाकूड उघडं पाडू नका हे तुम्हीच वर लिहिलंय, मग चपड्याला दोष कसला? :) तुकडा करून बघणं योग्यच.

ऱ्हाईनकाठ

इकडे जर्मनीत चपड्याचं तयार पांढरं अस्तर डब्यात मिळतं, त्यामुळे निथळायची कटकट नाही. टू-पॅक पीयूबद्दल एक सांगायचं राहतंय म्हणून लिहितो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेटवाला माल धंद्यासाठी वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं आहे, कारण त्याची वाफ आणि तुषार श्वासातून जाऊन कायमचा दमा जडू शकतो. एकदा अ‍ॅलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा पांढरा मास्क इथे निरुपयोगी आहे. किमान ऑर्गॅनिक व्हेपर काडतुसांचा, धुळीचा प्री-फिल्टर लावलेला मास्क हवा, हातमोजे हवेत, आणि फवारणी राहत्या खोलीत नकोच. फ्लॅटमध्ये बेडरूमचं दार लावून गन मारतात, बाहेर लहान मुलं खेळत असतात. हे थांबायला हवं.

रंधा

शंभर टक्के. फवारायचा टू-पॅक पीयू वर्कशॉपमध्ये. दारं आणि खण उतरवून टेंपोत घालून पाठवा, येताना वर्तमानपत्र नको (शाई उमटते), जुन्या चादरी घाला. सांगाड्याच्या बाजू राहतात घरात. त्यांना तोच रंग रोलरने देता येतो, पण वाफ तिथेही आहे, मास्क आणि उघड्या खिडक्या तशाच लागतात.

आता मूळ प्रश्न, रंग कुठला. तिन्ही पर्याय चालतात, टिकाऊपणा सारखा नाही.

ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. ब्रशने बसतो, चुका पोटात घालतो, सगळीकडे मिळतो. एका हातानंतर २४ तास द्या. हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात. मोठा दोष म्हणजे पांढरा पिवळा पडतो आणि उजेड नसलेल्या जागी जास्त पडतो. दाराची आतली बाजू दोन वर्षांत बाहेरच्या बाजूपेक्षा वेगळी दिसते. ऑफ-व्हाइटमध्ये ते थोडं खपून जातं. साइडबोर्डच्या वरच्या फळीवर गरम कप ठेवला तर गोल उमटतो.

टू-पॅक पीयू. ओरखडा, तेल, चहा, स्पिरिट यांना सगळ्यांत चांगला. पांढऱ्यासाठी हार्डनर न पिवळणारा, म्हणजे अ‍ॅलिफॅटिक, आहे का ते विचारून घ्या. स्वस्त हार्डनरने पीयूही पिवळा पडतो. रंग आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, वजनाने की मापाने तेही बघा. "थोडा जास्त टाकला की कडक होतो" हे खरं नाही: जास्त झाला तर थर ठिसूळ होतो, कमी पडला तर कायम मऊ राहतो. आणि पीयूत एनसी थिनर कधीही नाही. त्यात अल्कोहोल असतं, ते हार्डनरला खाऊन टाकतं. रंग वाळलेला दिसतो, पण नखाने खरवडला जातो. "पीयू केला तरी निघाला" या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं. थिनरचा डबा पॉलिशवाल्याने तुमच्यासमोर उघडू दे.

पाण्याचा अ‍ॅक्रिलिक-पीयू. वास कमी, पिवळा पडत नाही, घरात मारता येतो. पण भिंतीचा इमल्शन आणि हा एक नव्हे. इमल्शन मऊच राहतं. दार मिटून ठेवलं की चौकटीला चिकटतं आणि उघडताना चटका बसल्यासारखं सुटतं. डब्यावर लाकडासाठी असं लिहिलेलं घ्या, आणि हाही तीन-चार आठवडे जपावा लागतो. याच्याखालचं अस्तर पाण्याचं असेल तर पट्टीतल्या खिळ्यांचा गंज वर येतो. खिळे पंचने आत ठोकून, टू-पॅक पुट्टीने बुजवून मगच.

तुमच्या वस्तूंना मी सांगेन: दारं आणि साइडबोर्डची वरची फळी टू-पॅक पीयू, वर्कशॉपमध्ये. खर्च करायचा नसेल तर सगळं ऑइल पेंट, पण अस्तर नीट.

चिकट_टेप

गन मारून घेणार असाल तर कारागिराला विचारायच्या गोष्टी: अस्तराला १.८ मिमीचं नोझल, रंगाला १.३ किंवा १.४. दाब ३५ ते ४५ पीएसआय. गन दारापासून सहा ते आठ इंच, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. मनगटाने कमानीसारखी फिरवली तर मधे रंग जाड आणि टोकांना रवा. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर त्या कारागिराकडे पीयू करू नका. पाण्याचा थेंब हार्डनरशी मिळून वायू सोडतो आणि थरात टाचणीएवढे बुडबुडे अडकतात.

ब्रश-रोलरने करणार असाल तर चार इंची बारीक लवेचा रोलर घ्या, स्पंजचा नको, तो फेस करतो. रोलरने पसरवा आणि लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकेच वरून खाली एक ओढ. वाळायला लागलेल्या जागी परत जाऊ नका. ओघळ दिसला आणि तो चिकट झालेला असेल तर हात लावू नका, दुसऱ्या दिवशी ब्लेडने तासून ३२० मारा.

मापही सांगतो. कपाट: दारं बाहेरून २८ चौ. फूट, आतून २८, दोन बाजू मिळून २८. साइडबोर्ड: दारं आतबाहेर धरून साडेबावीस, बाजू साडेसात, वरची फळी पावणेसात. एकूण १२१ चौ. फूट, म्हणजे सव्वाअकरा चौ. मीटर. ब्रशने इनॅमलला हाताला लिटरभर, दोन हातांना दोन लिटर. गनमध्ये तिसरा हिस्सा हवेत जातो. टू-पॅक अस्तर मिश्रण करून हाताला सव्वादोन लिटर, रंग पावणेदोन लिटर धरा. कोणी दहा लिटरचं बिल लावलं तर हिशेब विचारा.

भरतीओहोटी

तारखेचं कोणी बोललंच नाही. जूनपासून गणपतीपर्यंत कोकणात आणि मुंबईत हे काम काढूच नये. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असला की एनसी पांढरं धुरकट होतं, पीयूत बुडबुडे येतात, इनॅमल आठवडाभर चिकट राहतं. पावसाळ्यात प्लायही ओल धरून असतो. तो दसऱ्यानंतर वाळायला लागला की पट्टीच्या सांध्यावर केसासारखी भेग पडते.

त्या भेगेवर पुट्टी भरणं व्यर्थ आहे. सागवानी पट्टी आणि प्लाय वेगवेगळे हलतात, कुठलीही पुट्टी तिथे फुटते. पट्टी हलत असेल तर फेविकॉल घालून क्लॅम्प करा. घट्ट असूनही भेग पडत असेल तर सांध्यावर मुद्दाम २ मिमीची खाच पाडून घ्या, तिच्या आतून रंग द्या. मग भेग पडली तरी खाचेतल्या खाचेत जाते आणि खाच नक्षीसारखी दिसते.

पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त डिसेंबरात गॅलरीत रात्री दारं उघडी ठेवू नका, दव पडतं.

दुपारचा_चहा

बाहेरून रंग आणि आतून जुनंच पॉलिश ठेवलं तर चालणार नाही का? २८ फूट वाचतील.

रंधा

आतून घट्ट मेलामाइन आहे म्हणजे ती बाजू बंद आहे, तेव्हा चालेल. आतून कोरं लाकूड असतं तर नाही. एका बाजूने ओल शिरते आणि दुसऱ्या बाजूने शिरत नाही, मग सात फुटी दार पावसाळ्यात वाकतं. पण खालची धार, बिजागऱ्यांच्या वाट्या आणि कुलपाचं भोक हे सोडू नका. तुमचे फुगे तिथूनच आलेत. खालच्या धारेला सीलरचे दोन हात, मग अस्तर, मग रंग. ती धार उभ्या दाराला दिसत नाही म्हणून कारागीर हमखास कोरी सोडतो. दार परत बसवायच्या आधी आरसा खाली धरून बघून घ्या. सांगाड्याखाली १०-१२ मिमीचे नायलॉनचे गट्टू ठोकलेत तर फडक्याचं पाणी लाकडाला लागणारच नाही.

उंबरठा

मोठंच काम झालं माझं, सगळ्यांचे आभार. ठरलं: दारं आणि फळी पीयू, बाजू घरी. काम आल्यावर चांगलं झालंय की नाही हे ताब्यात घेताना कसं ओळखायचं? आणि चकाकी किती सांगू?

चिकट_टेप

सात दिवस होऊ द्या. मग आतल्या बाजूला, हँडलच्या पाटीखाली झाकलं जाईल अशा जागी, नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा, लाकडापर्यंत. पंचवीस चौकोन होतात. त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रेघांच्या काठचे कण निघाले तर ठीक. पूर्ण चौकोन पट्टीला चिकटून आले तर पट्टीची उलटी बाजू बघा. पांढराच थर आला असेल तर रंग आणि अस्तरामधली पकड गेलीय, म्हणजे बहुधा दोन हातांत २४ तासांहून जास्त अंतर पडलं आणि मध्ये ४०० चा पेपर मारला नाही. मागे तपकिरी दिसलं तर अस्तरच मेलामाइनला धरलेलं नाही, आणि मग सगळं परत. पैसे देण्याआधी करा.

चपडालाख

चकाकी ३०-४० टक्के सांगा, तीच सॅटिन. पूर्ण मॅट पांढरा फोटोत छान दिसतो, पण हँडलपाशी बोटांचे डाग धरतो, आणि पुसून पुसून तेवढाच भाग चकचकीत होतो.

दुपारचा_चहा

माझं कपाट या सगळ्याहून जुनं आहे, वर आधीच कुणीतरी हिरवा ऑइल पेंट मारलेला. त्यालाही हेच?

रंधा

घट्ट असेल तर हेच, पण कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात शिसं असू शकतं. वॉटर पेपर ओला करून घासा, चिखल फडक्याने उचलून पिशवीत बांधा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. आणि व्हिनियरवर पाणी साचू देऊ नका, पेपर ओलसर पुरतो. त्या जुन्या ऑइल पेंटवर पीयू मारायचा नाही, सुरकुतेल, इनॅमलच.

नागपुरी_ऊन

हँडलं बदलणार असाल तर भोकांचं अंतर आत्ताच मोजून घ्या, ९६ की १२८ मिमी. नवी भोकं पाडायची असतील तर अस्तराआधी पाडा. जुनी भोकं लाकडाच्या खुंटीने फेविकॉल लावून बुजवा आणि वर पॉलिएस्टर पुट्टी. नुसत्या पुट्टीने भरलेलं भोक वर्षभरात खोलगट दिसायला लागतं. रंग झाल्यावर ड्रिल केलं तर भोकाभोवती रंगाचा टवका उडतो. नाइलाज असेल तर जागेवर मास्किंग टेप लावा, आधी ३ मिमीचं बिट, मग हवं ते.

उंबरठा

९६ आहे. १२८ ची घ्यायची होती, म्हणजे भोकं आधी. साइडबोर्डवर लगेच टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स ठेवायचाय, किती दिवस थांबू?

चिकट_टेप

पीयूला सात दिवस, घरी इनॅमल मारलात तर तीन आठवडे. बॉक्सच्या रबरी बुडांखाली मात्र फेल्टचे गोल तुकडे चिकटवा. रबरातलं रसायन पांढऱ्या रंगात उतरून पिवळे ठिपके पडतात, ते पुसून जात नाहीत. प्लास्टिकच्या टेबल मॅटचंही तसंच, ती तर रंगाला चिकटूनच बसते.